हौसेचा सेमी आणि ८०,००० पौंड

हौसेसाठी जुना सेमी ट्रक, म्हणजे मागे ट्रेलर जोडून ओढणारा मोठा ट्रक, घेतला म्हटलं की लोक आधी विचारतात, "चालवता येईल का तुला?" येतो. शिकवणारा भेटला की डबल क्लच (एकेका गेअरसाठी दोनदा क्लच दाबणं) जमतो, गेअर कुरकुरत का होईना पडायला लागतात. पण नोंदणीच्या खिडकीमागच्या बाईंना "मी या ट्रकमधून काहीही वाहून नेणार नाही" हे कसं पटवायचं, ते कुणी शिकवत नाही. अमेरिकेत राहून असलंच खूळ डोक्यात घेतलेला आणखी एखादा मराठी माणूस असेलच. त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो.

ट्रक १९९४ चा पीटरबिल्ट ३७९. कमिन्सचं एन१४ इंजिन, ईटन फुलरचा १३ गेअरचा बॉक्स, लांबलचक नाक. शोधणं, घासाघीस, पैसे देणं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. विकणारे आजोबा स्वतःच मालक आणि ड्रायव्हर, आता निवृत्त. टायटलवर (मालकीच्या कागदावर) कर्जाचा बोजा नाही, व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, कागदावर, दारावर आणि फ्रेमवर एकच. नंबरप्लेट मिळेपर्यंत ट्रक त्यांच्याच आवारात राहील असं ठरलं. आजोबांना घाई नव्हती. मला होती.

खिडकीवर बाईंनी व्हीआयएन टाकला आणि जुन्या नोंदणीची कुंडली त्यांच्या पडद्यावर उघडली. घोषित वजन ८०,००० पौंड. आंतरराज्य महामार्गावर खास परवान्याशिवाय ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून एवढंच वजन चालतं, त्यामुळे धंद्यातले बहुतेक सेमी याच आकड्यावर नोंदवलेले असतात. बाईंनी मला काही न विचारता तोच आकडा माझ्या अर्जावर उतरवला आणि हात पुढे केला, "२२९० चा शिक्क्याचा कागद?"

२२९० हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा फॉर्म, अवजड वाहनांच्या वापरावरच्या कराचा. करपात्र वजन ५५,००० पौंड किंवा जास्त असेल तर तो लागतो. सुरुवात वर्षाला १०० डॉलरपासून, ७५,००० च्या वर गेलात की ५५० डॉलर. वर्षभरात ५,००० मैलांच्या आत फिरणार असाल तर कर माफ, पण फॉर्म तरीही भरायचा आणि शिक्का मारलेलं शेड्यूल १ दाखवायचं. मी म्हटलं, ठीक आहे, भरतो. तर त्या फॉर्मवर माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही! ईआयएन लागतो, म्हणजे धंद्याला देतात तो नंबर. तो ऑनलाइन फुकट आणि लगेच मिळतो, पण नवा ईआयएन ई-फायलिंगच्या यंत्रणेत दिसायला साधारण दोन आठवडे जातात.

तिकडे विम्याची वेगळीच तऱ्हा. आमच्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी 'तीन ॲक्सल' ऐकताच विषय बदलला. धंद्याच्या ट्रकांचा विमा करणारे यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय वाहतूक खात्याचा नंबर, मागत होते. तो आंतरराज्य व्यापारात चालणाऱ्या वाहनांसाठी असतो. माझा व्यापारच नाही तर नंबर कुठून आणू? शेवटी जुन्या गाड्यांचा विमा करणारी एक कंपनी तयार झाली, पण अट अशी की वाहन कुठल्याही धंद्याच्या नावावर नको, माल वाहायचा नाही, रोजच्या कामाला वापरायचं नाही. म्हणजे नोंदणीसाठी मी धंदेवाईक दिसायला हवं आणि विम्यासाठी मी तसा असता कामा नये. बाईंना हे समजावलं तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा. मला सेमी दिसतोय, वजन दिसतंय, कागद दिसत नाहीये."

बायको म्हणाली, "अहो, भरून टाका ना, काय तो नंबर घ्या नि सुटा." मी हट्टाला पेटलो होतो. नियमात नसलेली गोष्ट माझ्याकडून मागितली जात होती, याची चीड जास्त होती.

मग २२९० च्या सूचना नीट वाचायला बसलो. वेगळे चष्मे घेऊन बसा, अक्षर बारीक आहे. करपात्र वजन म्हणजे ट्रकचं रिकामं वजन, त्यामागे नेहमी जोडता त्या ट्रेलरचं रिकामं वजन आणि नेहमी नेता त्या मालाचं जास्तीत जास्त वजन, यांची बेरीज. माझ्याकडे ट्रेलर नाही, माल नाही. उरला नुसता बॉबटेल, म्हणजे ट्रेलरविना ट्रक. पण त्याच सूचनांत मेख आहे: राज्याकडे जे वजन घोषित केलंत, त्याहून कमी वजन आयआरएसला सांगता येत नाही. म्हणजे बाईंनी आपल्या मनाने लिहिलेले ८०,००० पौंड हेच सगळ्याचं मूळ. तो आकडा बदलला की २२९० आपोआप गळून पडतो.

आजोबांना फोन केला. त्यांनी ट्रक जवळच्या ट्रक स्टॉपवर नेला, कॅट स्केलवर (तिथल्या वजनकाट्यावर) चढवला आणि वजनाची पावती फोटो काढून पाठवली. साधारण १८,००० पौंड. ती पावती, सूचनांचं ते पान आणि "खासगी वापर, ट्रेलर नाही" असं सहीनिशी लिहिलेला कागद घेऊन गेलो. बाईंनी पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सेमी म्हणजे ८०,०००." मी आवाज चढवला नाही, एवढं श्रेय मी घेणारच. वरिष्ठांना बोलवायला सांगितलं आणि बाकावर बसलो. बराच वेळ बसलो.

वरिष्ठ आले, पावती वाचली, पान वाचलं, बाईंच्या खुर्चीवर वाकून त्या चौकोनातला आकडा खोडून नवा टाकला. २२९० ची मागणी पडद्यावरून गायब. नोंदणीचं शुल्कही वजनावर असल्याने ते पण भलतंच खाली आलं. एवढंच काम होतं! बाई म्हणाल्या, "बघा, झालं ना." मी काही बोललो नाही, पण त्या शब्दांचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा वजनाची पावती पहिल्याच खेपेला न्या, आणि वजनाचा चौकोन स्वतः भरा. आणखी एक: अगदी करपात्र ट्रक असला तरी खरेदीपासून ६० दिवसांच्या आत बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) दाखवून शिक्क्याच्या कागदाशिवाय नोंदणी करता येते. बिलावर तारीख ठसठशीत हवी. विम्याला कुणी उभं करत नसेल तर अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीच्या मंडळींना विचारा. १९७१ पासूनची संस्था आहे, हे सगळे भोग त्यांनी आधीच भोगलेत.

लायसन्सचं आधी सांगायला हवं होतं. सीडीएलचा (व्यापारी वाहनांच्या लायसन्सचा) केंद्रीय नियम व्यापारी वाहनांचा आहे, पण २६,००० पौंडांच्या वर वजनक्षमता असलेल्या खासगी वाहनाला कुठलं लायसन्स लागतं ते राज्य ठरवतं. टेक्ससमध्ये, उदाहरणार्थ, बिगर-व्यापारी क्लास ए आणि बी वेगळे असतात. पैसे देण्याआधी आपल्या राज्याचं बघा.

ओडोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. १६,००० पौंडांच्या वर वजनक्षमता असलेल्या वाहनाला विकणाऱ्याने मैल लिहून द्यायचं बंधन नाही. त्यापेक्षा इंजिन थंड असताना स्वतःसमोर सुरू करायला लावा, तेलाचा नमुना तपासायला पाठवा. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ब्रेक हवेवर चालतात, तेव्हा टाक्यांत हवेचा दाब भरू द्या, मग इंजिन बंद करून ब्रेक सोडा आणि काटा बघत बसा. मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. तसाच पेडल मारत दाब कमी करा. ६० च्या खाली जाण्याआधी इशारा वाजलाच पाहिजे.

दारावर 'भाड्याने नाही' असं लिहून घ्या, पोलिसांचे निम्मे प्रश्न वाचतात. आणि नंबरप्लेट एकच मिळाली म्हणून पुन्हा त्या खिडकीवर जाऊ नका. अनेक राज्यांत सेमीची प्लेट पुढेच लावतात.