बाजारातून परत आलेले ११ कोंबडे

बुधवारच्या बाजाराला आमचे मालक ४० कोंबडे घेऊन गेले आणि २९ विकून आले. उरलेल्या ११ जणांच्या पायाच्या दोऱ्या सोडून त्यांनी ते पुन्हा शेडात सोडले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मीच वाढलं. ‘तुमच्या पोल्ट्रीत मानमोडी कुठनं आली?’ असं, म्हणजे कोंबड्या मारणाऱ्या राणीखेत रोगाबद्दल, कुणी विचारलं की मी त्या जेवणापासून सांगायला सुरू करते.

गाव आमचं कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला, चारी बाजूंनी ऊस. २०२३ च्या जुलैत घरामागच्या तुकड्यात ४० बाय २० फुटांचं शेड घातलं, लांबी पूर्व-पश्चिम, आणि गिरिराजाची एक दिवसाची ४०० पिल्लं आणली. पावसाळ्यात पिल्लं टिकवणं अवघड, पण ब्रूडर, म्हणजे बल्बच्या उबेची जागा, नीट जमला. रात्री दोनला उठून बघायचे. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली की थंडी, कडेला पळाली की उकाडा. फक्त १२ गेली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, ‘सुनेच्या हाताला गुण हाय’ असं गल्लीभर सांगत होत्या. लसी पण चुकवल्या नव्हत्या. सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा, चौदाव्याला गंबोरो या दुसऱ्या रोगाची, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा. कॅलेंडरवर तिन्ही तारखांना लाल पेनाने गोल केलेले.

गणपती उठले, पितृपंधरवडा लागला. गिऱ्हाईक थंड होतं, म्हणून ते ११ परत आले. रविवारी माझी थोरली बहीण, अक्का, शेजारच्या गावाहून आली होती. जाताना तिला चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिल्या. माहेरच्या माणसाला रिकाम्या हाताने कसं लावायचं?

सोमवारी सकाळी खाद्य टाकायला गेले तर त्या अकरातला एक कोंबडा पंख पाडून कोपऱ्यात उभा. तुरा जांभळट. त्याच्या खाली हिरवट पाणचट हगवण, चुन्यात पालक कालवल्यासारखी. चोच उघडून श्वास घेत होता आणि घशातून घरघर येत होती. संध्याकाळपर्यंत तसे तीन झाले. दुसऱ्या दिवशी एका कोंबडीची मान पिळवटली, एक डोळा आढ्याकडे. भूक होती तिला. समोरचा मक्याचा भरडा टिपायला जायची आणि चोच दाण्याच्या बोटभर पलीकडे जमिनीवर आपटायची. परत, परत. मला ते बघवेना, म्हणून मी तिच्या चोचीत दाणा धरला, तर तिला तो गिळताही येईना.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मंगळवारी दुपारी आले. मेलेल्या दोन कोंबड्या त्यांनी शेडापासून लांब बांधावर नेऊन उघडल्या. आपण कलेजीबरोबर खातो तो पेटा, त्याच्या आधी एक छोटी जाडसर पिशवी असते. ती उलटी करून त्यांनी मला दाखवली. आतल्या बारीक ग्रंथींच्या टोकांवर टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके. ‘राणीखेत दिसतोय,’ ते म्हणाले. तरी बर्ड फ्लूमध्येही असंच दिसू शकतं, नुसत्या डोळ्यावर सोडायचं नाही, म्हणून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे लावले. राणीखेतच निघाला. हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक दिलं तर मागून येणारे बाकीचे जंतू आवरतात, एवढंच. मेडिकलवाल्याने आदल्या दिवशी आमच्या गळ्यात मारलेल्या तीन बाटल्यांचं काय करायचं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. लाज वाटली.

‘बाहेरून कुठली कोंबडी आत आली का?’ त्यांनी विचारलं.

मी ठाम सांगितलं, नाही. खरंच नाही असंच मला वाटत होतं. ते ११ आमचेच होते की! आमच्या शेडात वाढलेले, मी हाताने खाऊ घातलेले. दिवसभर बाजारात दहा गावच्या कोंबड्यांना घासून, दुसऱ्यांच्या खुराड्याशेजारी बसून आले, तरी घरचे ते घरचेच. मालक मागून हळूच म्हणाले, ‘बाजारातनं परत आणलेलं चालतंय न्हवं?’ डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. हा रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन दिवसांपासून पंधरा दिवस लागतात, बहुतेक वेळा पाच-सहा. बुधवार ते सोमवार. बोटांवर मोजले तेव्हा कळलं.

‘पण लस दिली होती,’ मी कॅलेंडर आणून दाखवलं. त्यांनी रागावण्यासारखं होतं, पण रागावले नाहीत. एकेक विचारत गेले. लस कशातून दिली? पाण्यातून. पाणी कुठलं? नळाचं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते, आणि लासोटा ही जिवंत विषाणूची लस. टीसीएलने पाण्यातले जंतू मरतात, तसा लसीतला विषाणूही मरतो. बाटली कोल्हापुरातून कशी आणली? मालकांच्या पँटच्या खिशातून. वाटेत एक चहा आणि एक लग्नाची पत्रिका द्यायला थांबलेले. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी होती. दुकानदाराने बर्फ दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही. आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात आरटूबी ही राणीखेतचीच दुसरी लस टोचायची असते, ती? ती आम्ही दिलीच नव्हती. नर तर विकायचेच आहेत, कशाला टोचायचं, असा हिशेब. थोडक्यात, तीन लाल गोलांमध्ये आम्ही कोंबड्यांना महागडं पाणी पाजलं होतं.

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. ‘अगं, तुझ्या त्या चार तलंगा मेल्या. आता माझ्या पण माना टाकायला लागल्यात. काय घालू?’ तिच्याकडे १४ गावठी कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. अंड्यांच्या पैशावर ती नातीचा शाळेचा खर्च बघायची. काही घालू नको, असं मी सांगितलं. माझ्याकडूनच गेलं, हे सांगायला दुसरा दिवस उजाडला. आठवड्यात तिची दोन खुराडी रिकामी झाली. तिच्या गल्लीतल्या आणखी तीन घरांतली पण.

म्हणूनच गुरुवारी व्यापारी दारात आला तेव्हा मला ठरवायला वेळ लागला नाही. ‘जित्या हाईत तेवढ्या निम्म्या दरानं द्या वैनी, आजच उचलतो.’ मालकांची चुळबूळ चालली होती. कर्जाचा हप्ता होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आकडा ऐकून क्षणभर मोह झाला. पण त्या जित्या कोंबड्या उद्या कुठल्या बाजारात बसणार आणि परवा कुणाच्या अंगणात जाणार, हे मला अक्काने दाखवून दिलं होतं. नाही म्हटलं. तो जाताना म्हणाला, ‘दुसरं कोण दिलंच की.’ ते मात्र खरं होतं.

नऊ दिवसांत ३५५ पैकी २८१ गेल्या. उरलेल्या ७४ वरून बऱ्या दिसत होत्या, पण अशा कोंबड्या विष्ठेतून विषाणू सोडत राहतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याही संपवल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आमच्याकडे मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची जुनी खोड. या वेळी विहिरीपासून लांब जेसीबीने सहा फुटांचा खड्डा काढला. तळाला चुना, एक थर, परत चुना, वर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या. जेसीबीवाला लांब उभा राहून नाकाला रुमाल लावून बघत होता. त्याने पैसे निम्मेच घेतले.

मग सफाई. जुनं तूस सगळं खरवडून पोत्यात भरलं, शेडापासून लांब नेऊन जाळलं. भांडी आणि जमीन धुण्याच्या सोड्याने घासली. आधी घासायचं आणि मग औषध मारायचं, हा क्रम डॉक्टरांनी तीनदा सांगितला, कारण घाणीवर मारलेलं जंतुनाशक घाणीतच जिरतं. पडदे उन्हात. भिंतींना चुना. मग शेड महिनाभर रिकामं. हा महिना सगळ्यात जड गेला. मालक रोज विचारायचे, ‘आता आणूया का?’ मी कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

डिसेंबरात ३०० पिल्लं आणली आणि पहिली लासोटा पाण्यातून न देता डोळ्यात थेंब टाकून द्यायची ठरवली. आदल्या दिवशी मालक थर्मासात बर्फ घेऊन कोल्हापूरला गेले. दुकानदार हसला म्हणे. मी ५०० डोसची एक बाटली न घेता २०० च्या दोन सांगितल्या होत्या, कारण बाटली एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपली पाहिजे. पहाटे साडेपाचला बसलो. आत्ती पिल्लू उचलून द्यायच्या, मी डाव्या मुठीत धरून त्याचं डोकं आडवं करायचे, एक थेंब. पिल्लू डोळा मिटतं आणि थेंब आत ओढला जातो. तेवढं होईपर्यंत सोडायचं नाही, ही खरी मेख. घाईने सोडलं तर ते डोकं झटकतं आणि लस माझ्या साडीवर. पहिली बाटली संपत आल्यावरच दुसरी बर्फातून काढली. आत्ती शेवटी म्हणाल्या, ‘पोरांस्नी पोलिओ पाजला तवा एवढं केलं न्हवतं.’

अठ्ठाविसाव्या दिवशीची लस पाण्यातून दिली, पण शेतातल्या विहिरीच्या पाण्यातून. दीड तास आधी भांडी काढून घेतली म्हणजे पिल्लं तहानेला येतात. पाण्यात आधी लिटरला पाच ग्रॅम स्किम मिल्क पावडर कालवायची, त्याने लस टिकते. आणि आठव्या आठवड्यात आरटूबी, एकेकीला कातडीखाली टोचून. नरांनाही.

लसीपेक्षा भांडणं झाली ती दारावरून. शेडाला आता जाळीचं फाटक आहे, फाटकाच्या आत पाटीवर माझ्या रबरी चपला. त्या बाहेर येत नाहीत आणि बाहेरच्या आत जात नाहीत. पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) जांभळ्या पाण्यात पाय बुडवायचं घमेलंही करून बघितलं. चिखलाचे पाय पडले की ते पाणी मेलं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर चिखलाशिवाय पाय कुठला? ते घमेलं निम्मं दाखवण्यापुरतं असतं असं माझं मत झालंय. चप्पल बदलणं खरं. व्यापाऱ्याची गाडी आणि क्रेट रस्त्यावर, काटा पण रस्त्यावर, कोंबड्या आम्ही बाहेर आणून देतो. एक व्यापारी यावरून तोडून गेला. पाहुण्यांचं त्याहून कठीण. कोल्हापूरकराला ‘आत येऊ नका’ म्हणणं म्हणजे जेवायला नाही म्हणण्यासारखं. मालकांच्या मामांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं.

ऊसतोड सुरू झाली की आणखी एक. फड तोडला की त्यातले उंदीर थेट शेडाकडे येतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे फक्त खाद्याचे चोर म्हणून बघत होते. आता भोवतीने चार फूट जमीन साफ ठेवते आणि जाळी अर्ध्या इंचाची लावलीये, चिमणीसुद्धा जात नाही.

२०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आमच्याकडे पाचवी बॅच होती. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणीतलं मुरुंबा, ही नावं डॉक्टरांच्या तोंडून ऐकली होती. कोंबड्या ठणठणीत होत्या, पण दोन आठवडे गिऱ्हाईक फिरकलं नाही. चिकन ७० अंशांच्या वर शिजलं की तो विषाणू राहत नाही, आणि आपल्याकडे तांबड्या रश्श्यातलं चिकन तर किती वेळ रटरटतं! पण भीतीला कोण समजावणार? त्या दिवसांत मी एवढंच केलं, बांधावर एक बगळा मेलेला दिसला तो हात न लावता १९६२ या पशुसंवर्धनाच्या हेल्पलाइनला फोन करून सांगितलं.

अक्काने पुढे दीड वर्ष कोंबडी पाळली नाही. २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला आली तेव्हा मी तिला सहा तलंगा देऊ केल्या, सगळ्या लसी झालेल्या. ती फाटकाबाहेरच्या दगडावर बसली होती, तिला आत घ्यायचा प्रश्नच नव्हता. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आधी मला सांग, दाल्ल्याला बाजारातनं आल्यावर आंघोळ घालतीस का न्हाई?’ मालक खाली बघत राहिले. शेवटी तिने तलंगा नेल्या, पण घरी दुसरी एकही कोंबडी नसताना सुद्धा पंधरा दिवस गोठ्याच्या पलीकडे, वेगळ्या डालग्याखाली ठेवल्या.