डाल्टनचं भाडं

कॅपला, म्हणजे केंद्रीय मूल्यमापनाला, बसलं की पहिल्या गठ्ठ्यातच कळतं यंदा कोणतं गाईड चाललंय. चूकसुद्धा सगळीकडे तीच. यंदा मिसिसिपीत जन्मलेला रिचर्ड राईट गठ्ठाभर शिकागोत जन्माला आला होता. पेपर एम. ए. इंग्रजीचा, आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा. प्रश्न दरवर्षीचाच: राईटच्या 'नेटिव्ह सन' या कादंबरीतलं वर्णद्वेषाचं चित्रण, पंधरा मार्क. उत्तरही दरवर्षीचंच: शोषण, दडपशाही, अस्मितेचा शोध, समारोप. खाली दोन रेघा.

मी मॉडरेटर होते, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा बघणारी. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी तपासलेला एक पेपर माझ्याकडे आला. त्याच प्रश्नाला चार मार्क. उत्तर मात्र चांगलं साडेतीन पानांचं.

पोरानं (की पोरीनं, नाव झाकलेलं असतं) अख्खं उत्तर घरभाड्यावर लिहिलं होतं. कादंबरीचा काळा नायक बिगर थॉमस, त्याचं चौघांचं कुटुंब शिकागोत एका खोलीत राहतं आणि सकाळी उठून तव्यानं उंदीर मारतं. ज्या कंपनीला ते भाडं भरतात, तिची मालकी फिरत फिरत मिस्टर डाल्टनकडे जाते. हाच डाल्टन काळ्यांच्या शिक्षणाला लाखो डॉलर देतो, काळ्या मुलांच्या क्लबला टेबल टेनिसची टेबलं पाठवतो आणि बिगरला ड्रायव्हर म्हणून ठेवतो. पुढे कोरोनरच्या चौकशीत (बिगरच्या हातून डाल्टनची मुलगी मेरी मरते, त्या मृत्यूची ही सरकारी चौकशी) बिगरचा वकील मॅक्स डाल्टनला विचारतो, तसल्याच घराला गोऱ्यांपेक्षा काळ्यांकडून जास्त भाडं का? डाल्टन म्हणतो, दर मी ठरवत नाही, मागणी-पुरवठा ठरवतो. मग शहराच्या दुसऱ्या भागातली तुमची घरं त्यांना का देत नाही? तिथे राहायला त्यांना आवडणार नाही, असं त्याला वाटतं. शिवाय जुनी रीत आहे. आवाज कुठे चढत नाही.

पावाचा भावसुद्धा त्यानं सोडला नव्हता. पळून जाणाऱ्या बिगरच्या लक्षात येतं की काळ्यांच्या वस्तीत पाच सेंटला मिळणारा पाव पलीकडे गोऱ्यांकडे चार सेंटला मिळतो. इतकी वर्षं ही कादंबरी शिकवतेय, पण हा एक सेंट वर्गात काढणारा विद्यार्थी मला भेटलेला नाही. कादंबरी १९४०ची. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शिकागोच्या हॅन्सबेरी कुटुंबाचा खटला निकाली निघाला. काळ्यांना घर विकायचं नाही, अशा करारांचाच तो खटला. म्हणजे राईटनं जे लिहिलं ते रजिस्टर कागदावर होतं. असले करार कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं.

सरांना म्हटलं, "हे चार मार्कांचं नाही."

"मॅडम, मॉडेल आन्सरमधला एक तरी मुद्दा आहे का? मेरीचा खून नाही, खटला अर्धा, बिगर तर नावापुरता. अर्थशास्त्राचा पेपर वाटतोय."

सर पुस्तक न वाचता तपासणारे आहेत असं म्हणून मोकळी झाले असते, पण तसं नाही. त्यांनी ते वाचलंय, मनापासून शिकवतात. सवयच अशी लागलीय की छापील मुद्दा दिसला की टिक, नाही दिसला की रेघ. पेपरमागे मिळणाऱ्या पैशांत आणि वरून ठरवून दिलेल्या पेपरांच्या कोट्यात दुसरं काय होणार!

मी अकरा केले. फरक मोठा, म्हणून चेअरमनकडे गेलो. त्यांनी घड्याळाकडे बघत नऊ केले. सह्या झाल्या.

पण सरांचा प्रश्न सुटत नाहीये. मेरीच्या तोंडावर उशी दाबताना बिगरच्या मनात जे चाललेलं असतं, आंधळी मिसेस डाल्टन दारात उभी असताना त्याला जी भीती वाटते, त्यातलं एक अक्षर त्या उत्तरात नव्हतं. बेसी तर नव्हतीच. बिगरनं मारलेली ही काळी मुलगी. तिचं प्रेत त्या चौकशीत आणतात ते मेरीचा खून पक्का करायला, तिच्यासाठी नाही. मला विचाराल तर या कादंबरीतलं सगळ्यात निर्दय दृश्य तेच. डाल्टनचं भाडं आणि बेसीचं प्रेत एकाच चौकशीत येतात, आणि पोरानं त्यातलं एकच उचललं. बिगरची भीती वगळली तर राईटची कादंबरी उरते की शिकागोच्या घरटंचाईचा अहवाल? हे त्या पोराला विचारायचं होतं. उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिता येत नाही, आणि कोड उलगडून नंबर काढणं नियमात बसत नाही.