सोलापूरच्या माळावर कोणती लेन्स न्यावी: नान्नज, नळदुर्ग, माचणूर

सोलापूरला लँडस्केप काढायला चाललोय म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. तिथे आहे काय, आणि लेन्स कोणती नेतोस? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिमीची झूम आणि सोबत रुंद चौकट घेणारी एक वाइड, १०-१८ किंवा १०-२०, जी हाताशी असेल ती. त्यातलीही एकच न्यायची वेळ आली तर ७०-३०० न्या. सह्याद्रीत जाणाऱ्याला मी बरोबर उलट सांगेन, म्हणून कारण नीट मांडतो.

घाटावर डोळ्यांसमोर कडा उभा असतो, मागे दरी असते, ढग अंगावर येतात. तिथे वाइड लावली की फ्रेम आपोआप भरते. सोलापूरकडचा मुलूख सपाट. क्षितिज लांब, मधे एखादी बाभूळ, एखादा बांध, लांबवर चरणारी मेंढरं. क्रॉप सेन्सरवर १० मिमीची लेन्स आडवा जवळपास १०० अंशांचा पट्टा घेते. अर्धा किलोमीटरवरची बाभूळ त्यात ठिपका होऊन जाते आणि हातात उरतं ते निम्मं आभाळ, निम्मं गवत. डोळ्याला जो माळ भव्य वाटतो तो फोटोत रिकामा दिसतो. २०० मिमीला हाच पट्टा जेमतेम ७ अंशांवर येतो. मग बाभूळ, तिच्यामागचा बांध आणि त्यामागची टेकाडाची निळसर रेघ अशी तिन्ही एकमेकांना चिकटून उभी राहतात. सपाट जमिनीला थर येतात. माळाचा फोटो या थरांवर उभा असतो.

आम्ही गेलो ते पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. हाच काळ मी सुचवेन. गवताला सोनेरी रंग चढायला लागलेला असतो, नळदुर्गच्या धबधब्यांना पाणी असण्याची शक्यता असते आणि ऊन अजून सहन होतं. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडली की रात्री सोलापूर, आणि पहाटे मित्राच्या गाडीतून बार्शी रोडने नान्नज. अंतर साधारण वीस किलोमीटर.

नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, माळढोकासाठी राखलेलं. माळढोक दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. तो पक्षी आता इतका कमी उरलाय की त्याच्यामागे धावणं त्याच्याच जिवावर उठेल. काळवीट मात्र दिसतात, आणि गवताळ माळ म्हणजे काय हे समजून घ्यायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगल्या जागा फार नाहीत. आपण एरवी ज्याला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो त्या जमिनीवर चंडोल घरटी करतात, लांडगा पिल्लं वाढवतो, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येऊन गवतावरून घिरट्या घालतात. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि नेमून दिलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नका. ३०० मिमीचा इथला सगळ्यात मोठा फायदा हाच, की लांब उभं राहून काम होतं.

मी ट्रायपॉडवर ७०-३०० चढवली तेव्हा मित्र म्हणाला, “एवढं मोकळं रान सोडून नळी कशाला लावायलास बे?” त्याला स्क्रीनवर एक फ्रेम दाखवली. २५० मिमीच्या आसपास, उगवतीकडे तोंड करून. गवताच्या तुऱ्यांवर मागून ऊन पडलेलं, प्रत्येक तुऱ्याला उजेडाची किनार, तुऱ्यांच्या मागे गवतात अर्धं बुडालेलं एक काळवीट, त्याची पीळदार शिंगं तेवढी स्पष्ट, आणि मागे धुरकट नारिंगी पट्टा. पुढचा अर्धा तास कॅमेरा त्याच्याकडेच होता.

सूर्य फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर हा हिशेब लक्षात ठेवा. सेन्सरवर सूर्यबिंबाचा व्यास साधारण फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) भागिले ११० इतका पडतो. म्हणजे १८ मिमीला मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, नुसता पांढरा डाग. ३०० मिमीला पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या रुंदीचा जवळजवळ आठवा-नववा हिस्सा. बाभळीमागे मोठं लाल बिंब हवं असेल तर झाडापासून लांब जा आणि झूम करा, जवळ जाऊन उपयोग नाही. डीएसएलआर असेल तर सूर्याकडे रोखलेल्या लांब लेन्सच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चित्र, वापरा, आणि तोही गोळा क्षितिजाजवळ मऊ असेपर्यंतच.

लांब लेन्सच्या दोन अडचणी माळावर हटकून येतात. पहिली फोकसची. १० मिमीला एफ ८ ॲपर्चरवर (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते बारीक) हायपरफोकल अंतर पाऊण मीटरच्याही आत असतं. तिथे फोकस लावला की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. २०० मिमीला, त्याच एफ ८ वर, हे अंतर २५० मीटरच्या घरात जातं. तेव्हा जवळचं गवतही धारदार आणि लांबचं टेकाडही धारदार, हा हट्ट सोडून द्यायचा. काय स्पष्ट हवं ते ठरवा आणि पुढचं गवत खुशाल धूसर होऊ द्या. ॲपर्चर एफ २२ पर्यंत बंद करून हा प्रश्न सुटत नाही. क्रॉप सेन्सरवर एफ ११ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ पडायला लागतं.

दुसरी अडचण उन्हाची. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि ३०० मिमीला ती थरथर मोठी होऊन दिसते. लोक लेन्सला दोष देतात, पण अशा वेळी कितीही महाग लेन्स लावली तरी लांबचं झाड पाण्यातून पाहिल्यासारखंच येतं. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान वर येतो. लांबचं काम आठ-साडेआठच्या आत उरकून घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना ही मुदत आणखी आखडते. दिवस वर आल्यावर लांबच्या चौकटी सोडून जवळच्या विषयांकडे वळा.

वारा असतोच. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय बुटके ठेवा, बॅग खाली अडकवा. गवत हलतं म्हणून शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवलं आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००-८०० पर्यंत वाढू दिला. थोडा दाणा आला तरी चालतो, हललेलं गवत दुरुस्त होत नाही. एक जुनी सोलापुरी चादर गाडीत टाकून न्या. खाली बसून, आडवं पडून फोटो काढताना कुसळं टोचत नाहीत. मोज्यात घुसलेली कुसळं नंतर एकेक करून उपटावी लागतात, तेव्हा पायात बूटही उंच हवेत.

लेन्स माळावर बदलू नका. वाऱ्याबरोबर जी बारीक माती उडते ती सेन्सरवर बसते, आणि एफ ११ ला निळ्या आभाळात तिचे डाग मोजता येतात. मी ७०-३०० रात्रीच चढवून नेली आणि नान्नज संपेपर्यंत काढली नाही. वाइड लावली ती गाडीच्या काचा बंद करून, नळदुर्गच्या वाटेवर.

नळदुर्गला सगळं गणित पालटतं. हैदराबाद रस्त्याने सोलापूरहून पाऊण-एक तास, जिल्हा धाराशिवचा. बोरी नदीच्या पात्रात किल्ल्याच्या दोन भागांना जोडणारा दगडी बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. नदीला भरपूर पाणी असलं की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभं राहिलं की खिडकीसमोरून पाण्याचा पडदा खाली जाताना दिसतो. पाणी नसेल तर धबधबेही नाहीत, म्हणून निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन करून विचारा. पाणी फार वाढलं असेल तर आत सोडतीलच असंही नाही.

इथे मागे सरकायला जागाच नसते. महालात १८ मिमीसुद्धा अपुरी पडते. १० ते १४ मिमीमध्ये कमान, खिडकी आणि बाहेरचं पाणी एकत्र मावतं. कॅमेरा अगदी सरळ धरा, वर-खाली जरा कलला तरी कमानीचे खांब तिरके दिसतात. आत अंधार आणि बाहेर झगझगीत उजेड असल्याने एका एक्स्पोजरवर भागत नाही. दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम घेतल्या आणि घरी जोडल्या. तुषार काचेवर बसतात, तेव्हा दोन मायक्रोफायबर कापडं खिशात असू द्या, एक ओलं झालं की दुसरं. पाण्याचा पडदा रेशमी हवा असेल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून पाव ते एक सेकंद. मला स्वतःला १/६० वरचं पाणी जास्त आवडलं, त्यात पडण्याचा जोर कळतो.

उपळी बुरुजावर मात्र पुन्हा लांब लेन्स चढवा. वरून तटबंदी आणि पलीकडची शेतं दिसतात, ती ७० ते १३५ मध्ये छान बसतात.

पोलरायझर या फिल्टरबद्दल बाजारात एकच सल्ला मिळतो, लावा म्हणून. १० मिमीवर तो लावू नका. आभाळातला ध्रुवीकृत प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, त्यामुळे एवढ्या रुंद चौकटीत आभाळाचा एक तुकडा गडद निळा आणि बाकीचं फिकं असं येतं. ७०-३०० वर तो उत्तम चालतो, गवताच्या पात्यांवरची आणि पाण्यावरची चमक कापून खरा रंग देतो. मोठ्या मापाचा एकच घ्या आणि लहान लेन्सवर तो बसवायला स्टेप-अप रिंग वापरा, पैसे वाचतात.

माचणूर थोडक्यात सांगतो. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी किल्ला आणि सिद्धेश्वराचं मंदिर. जवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाचा तळ होता. घाट, पात्र, तट असं सगळं मध्यम अंतरावर आहे, तेव्हा कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ पुरते. त्यासाठी नवी लेन्स घेऊ नका. विजापूर रस्त्याकडचं हत्तरसंग कुडलही याच लेन्सचं. भीमा-सीनेचा संगम आणि संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. संगमाचा पूर्ण विस्तार हवा असेल तर वाइडऐवजी ५५ मिमीला कॅमेरा उभा धरून, एक तृतीयांश एकमेकांवर येतील अशा फ्रेम घ्या आणि पॅनोरमा जोडा. पलीकडचा काठ बारीक होत नाही. शिलालेखावर फ्लॅश समोरून मारू नका, अक्षरं सपाट होतात. बाजूने तिरका उजेड पडला की खोदकाम उठून दिसतं.

शहरातल्या सिद्धेश्वर तलावालाही १८-५५ चालते. मंदिर पाण्याच्या मध्यात आहे, वारा पडलेला असताना पहाटे गेलात तर प्रतिबिंब मिळतं. हिप्परग्याचा तलाव मात्र ७०-३०० चा. पाणी खूप पसरलेलं आहे आणि हिवाळी पाहुणे पक्षी काठापासून लांब बसतात.

लेन्स विकत घेण्याआधी एकदा भाड्याने नेऊन पाहा. पुण्यात सहज मिळतात, आणि ७०-३०० तर ओळखीत कुणाकडे तरी न वापरता पडून असतेच. सोबत पाणी भरपूर आणि कडक भाकरी-शेंगाचटणी ठेवा, माळावर हॉटेल नाही.

आणि तारखा ठरवताना कोजागिरी बघून ठरवा. त्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक पायी निघतात आणि त्या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. हिप्परगा त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा तो एक-दोन दिवस आधी करून घ्या किंवा पौर्णिमेनंतरवर ठेवा.