गाडी की लोकल: परळ ते वागळे इस्टेट

८ डिसेंबर २०२५, सोमवार, रात्र

ऑफिसच्या नव्या इमारतीत पार्किंगच्या मोजक्याच जागा आहेत. त्यातली एक हवी का, हे शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आज नुसतं "सांगते" म्हणून वेळ मारून नेली. जागा घेतली की दर महिन्याला पगारातून पैसे कापणार, आणि पैसे कापले जातायत म्हटलं की ते वसूल व्हावेत म्हणून रोज गाडी काढली जाणार. माझा स्वभाव मला माहीत आहे. तेव्हा आधी ठरवायला हवं, आणि मला लिहून काढल्याशिवाय ठरवता येत नाही.

ऑफिस लोअर परळला होतं तोवर हा प्रश्नच नव्हता. भोईवाड्यातून चालत निघायचं, पूल ओलांडायचा की आलं ऑफिस. तिथलं भाडं परवडेना म्हणून कंपनीने सगळा बाडबिस्तरा ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये हलवला. आता सकाळी ठाणं मुंबईकडे येतं आणि मी ठाण्याकडे जाते. ज्याला सांगावं तो म्हणतो, "तुमचं बरंय, गर्दीच्या उलट!" बरंय, पण लोक समजतात तितकं नाही. पवई, विक्रोळी, मुलुंड, ठाणे, ऐरोली, सगळीकडे ऑफिसं झालीत. उलट दिशेलाही आता बऱ्यापैकी माणूस असतो.

गाडीचा रस्ता आता पाठ झालाय. आंबेडकर रोडने दादर टीटी, किंग्ज सर्कल, सायन, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड मागे टाकत आनंदनगरचा नाका, कोपरी, तीन हात नाका आणि तिथून वागळे. पंचवीसेक किलोमीटर होतात. साडेसातच्या आत निघालं तर पाऊण तास पुरतो, आठ वाजून गेले की काही भरवसा नाही. सायनचा रेल्वेवरचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद आहे. यंदा सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूलही पाडायला घेतला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाड्यांना जे दोन-चार पूल उरलेत त्यांच्या तोंडाशी रांगा लागतात, आणि त्या रांगांची शेपटं आंबेडकर रोडवर येतात. सायनपर्यंत पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. डावा गुडघा घरातून निघताना ठीक असतो, किंग्ज सर्कलला ठणकायला लागतो.

टोल गेला हे मात्र चांगलं झालं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. आधी एका खेपेला ४५ रुपये जायचे. घरात आनंद झाला, मलाही झाला. पण नाक्यापाशी गाड्यांचा वेग काही वाढलेला दिसत नाही. टोलच्या धाकाने घरी राहणाऱ्या काही गाड्याही आता बाहेर पडत असाव्यात, असं मला वाटतं. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. सेकंड क्लासचा महिन्याचा पास माझ्या दोन दिवसांच्या पेट्रोलात येतो, तेव्हा पैशाचा हिशेब तिथेच मिटतो.

संध्याकाळी घराजवळ आल्यावर तर खरी कसोटी. आमची बिल्डिंग जुनी, पार्किंग नाही. रस्त्यावर ज्याला मिळेल त्याची जागा. आठला पोचलं तर सगळं भरलेलं. मग एक फेरी, दुसरी फेरी, कोणी निघतंय का बघत हळूहळू जायचं आणि शेवटी कुठेतरी लांब लावून चालत यायचं. ऑफिसने तिकडे जागा दिली तरी इकडचा हा शोध तसाच राहणार. गाडी घ्यायची की नाही हे ठरवताना लोक रस्त्याचा विचार करतात, पण ती दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते, याचा कोणी करत नाही.

तरी गाडीबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, हेही लिहायला हवं. मागच्या पावसाळ्यात आई गेली. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात पाच माणसं. सासूबाई रात्री जाग्या असतात, लेकाची परीक्षा होती, आल्यागेल्याचं चहापाणी चालूच. रडायला म्हणून जागा नव्हती. त्या दिवसांत मी रोज गाडीच काढायचे. काचा बंद, वायपर चालू, आणि भांडुपपासून मुलुंडपर्यंत मोकळं रडून घ्यायचं. कोणी विचारायला नाही, कोणी पाणी आणून द्यायला नाही. शहरात बाईमाणसाला एकटं बसायला जागा मिळणं फार अवघड आहे, ती मला त्या सीटवर मिळाली. त्यामुळे कोणी गाडी वापरणाऱ्यांना सरसकट आळशी, चैनखोर म्हणालं की मला पटत नाही. कोण कशासाठी आत बसलंय, बाहेरून दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीच्या बाजूला हायवेकडेची टॅबेबुयाची झाडं गुलाबी फुलतात, तेही सुख गाडीनेच दिलं.

पण ते दिवस सरले. आता एकटं राहायची तितकी गरज वाटत नाही. उलट एकटीने स्टिअरिंग धरून बसलं की तो तास-सव्वा तास वाया गेल्यासारखा वाटतो. डोळे रस्त्यावर, हातपाय अडकलेले, डोकं सिग्नलवर.

लोकलने जायचं तर परळहून सव्वाआठच्या सुमाराची कल्याण स्लो. दादरची फास्ट लवकर पोचवते, पण दादरला चढायचं म्हणजे ताकद लागते, आणि स्लोला मला बहुतेक वेळा बसायला मिळतं. लेडीज सेकंड. या डब्यात सकाळी काही बायका अशा असतात की ज्यांचा दिवस संपलेला असतो. केईएम, टाटा, वाडिया, सगळी हॉस्पिटलं इथे जवळजवळ. रात्रपाळी करून निघालेल्या सिस्टर, आया, मावशी याच गाडीने घरी जातात. आज माझ्यासमोर बसलेली सिस्टर खिडकीपाशी बसल्या बसल्या अंबाड्याच्या पिना एकेक करून काढत होती आणि रुमालात बांधत होती. मला म्हणाली, "ताई, मुलुंड आलं की उठवाल का?" आणि करी रोडकडून येणारी फास्ट शेजारून धडधडत गेली तरी जागी झाली नाही, इतक्या पटकन झोपली.

तिच्या शेजारी जळगावकडची एक बाई होती, मांडीवर टाटाची जाडजूड फाइल, पिशवीत घालून सुतळीने बांधलेली. नवऱ्याला जेन्ट्स डब्यात बसवून आली होती. कल्याणला भुसावळकडची गाडी मिळेल ना, जनरलमध्ये त्याला बसायला मिळेल ना, हेच सारखं विचारत होती. कुर्ल्याला सिस्टर जागी झाली. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेत सवलत असते, त्याचा कागद हॉस्पिटलमधूनच मिळतो, पुढच्या तारखेला आलात की आधी तो मागून घ्या, हे तिने तिला दोनदा समजावून सांगितलं, फाइलच्या मागे पेनाने लिहून दिलं. बाईला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मग सिस्टर पुन्हा झोपली. मुलुंडला मी तिला उठवलं.

रोज असं काही घडत नाही. रोज कोणीतरी मोठ्याने रील बघत असतं, चौथ्या सीटवरून कुरबुर होते, घाटकोपरला मेट्रोची माणसं चढली की श्वास घ्यायला जागा नसते. पण डोळे मिटायचे असतील तर मिटता येतात, वाचायचं असेल तर वाचता येतं, आणि माझ्याशिवायही गाडी चालते. पन्नाशीकडे झुकल्यावर हे मोठं वाटतं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. यंदा ९ जूनला मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जण गेले. त्या दिवसापासून घरचे मला "दारात उभी राहू नकोस" एवढंच सांगतात. मी राहत नाही, पण दारात उभं राहणाऱ्यांपैकी फार थोडे हौसेने राहतात. कळवा, मुंब्रा, दिवा इथल्या माणसाला आत शिरायलाच मिळत नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये ऑफिसांना वेळा मागेपुढे करायची विनंती केली होती. ती किती ऑफिसांनी मनावर घेतली असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं. पत्र पाठवून गर्दी हलत नाही, हजेरीच्या मशिनची वेळ बदलली तर हलते.

आणि आता मुद्द्याचं. मला गाडीकडे जो मोह होतो, तो लोकलमुळे होत नाही. लोकल मला वेळेवर ठाण्याला नेते. मोह होतो तो ठाणे स्टेशनच्या बाहेर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती. एवढं जुनं हे स्टेशन, आणि त्यातून बाहेर पडून दोन-तीन किलोमीटरवरच्या कामाच्या जागी पोचणं आजही एवढं कष्टाचं. पूल चढा, उतरा, सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर या, बसला लोंबकळा, नाहीतर शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहा. रांग सरकत नाही, कारण रिक्षाच आत यायला जागा नाही. मीटरने जायचं तर सुरुवात २६ रुपयांपासून, आणि इतक्या जवळचं भाडं पुष्कळदा नको असतं. चालत जावं तर फुटपाथवर मधेच खांब, मधेच स्कूटर, मधेच खड्डा. रस्त्यावर उतरायचं, पुन्हा चढायचं. पाऊस असला तर विचारायलाच नको. लोकलमध्ये पाऊण तास शांत बसलेली मी त्या पुढच्या अर्ध्या तासात थकून जाते.

जिने आणि पूल यांचं महत्त्व परळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला आमच्या स्टेशनच्या पुलावर, जिन्यात, २३ माणसं चेंगरून गेली. ट्रेनमध्ये नाही, रुळावर नाही, स्टेशनातून बाहेर पडताना. मग लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे करायचं म्हटलं की होतं. ठाण्यातही झालंच की. २०२४ मध्ये मे-जूनच्या सांध्यावर ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबरचा फलाट रुंद केला. त्या दिवसांत लोकांनी किती शिव्या घातल्या! पण आज तिथे उतरल्यावर ते दोन-तीन मीटर पायांना कळतात. मला तर ते एखाद्या उड्डाणपुलापेक्षा मोलाचे वाटतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना आखली, तेव्हा फुटपाथ आणि स्टेशनांचे जिने यांच्यावर त्याच्या निम्म्या जिद्दीने काम झालं असतं, तर आज पार्किंगच्या या जागेचा विचार मी केलाच नसता.

आशा आहे. मुलुंड आणि ठाण्याच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्टेशन व्हायचंय. ते झालं की वागळे इस्टेट जवळ येईल. वडाळा ते कासारवडवली मेट्रोचं कामही चालू आहे. ती पूर्ण सुरू झाली की वडाळ्याला चढून तीन हात नाक्याला उतरता येईल, गुडघ्याला फार त्रास न देता. भुयारी मेट्रोने कफ परेडपासून आरेपर्यंत गिरगाव-वरळीच्या लोकांचा केवढा प्रवास सोपा केला! माझी मैत्रीण गिरगावातून सीप्झला जाते, तिच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरलेला मी स्वतः पाहिला. आमच्या बाजूचीही पाळी येवो.

तोपर्यंत काय, हे रात्री जेवताना निघालं. नवरा म्हणाला, "जागा घेऊन ठेव, नंतर मिळणार नाही." त्याचं खरं आहे, नंतर मिळणार नाही. तरी नको म्हणून कळवणार आहे. आमच्या मजल्यावर काम करणारी एक मुलगी डोंबिवलीहून येते, तिचा पाय अधू आहे. ठाण्याच्या त्या रांगेत ती रोज उभी असते. तिचा भाऊ तिला स्कूटरवरून आणू शकतो, पण स्कूटर दिवसभर लावायला जागा नाही. जागा तिला द्या, असं त्याच मेलमध्ये लिहीन.

दुसरं, ऑफिसकडे स्टेशनपासून एक छोटी बस मागायची आहे. आमच्याच इमारतीत चार-पाच कंपन्या आहेत, सगळ्यांची माणसं त्याच रांगेत उभी असतात. एका कंपनीला बस जड जाईल, पाचांना जड जाऊ नये. उद्या जेवणाच्या सुट्टीत खालच्या मजल्यांवर जाऊन विचारते. सह्या घ्यायच्या तर त्या रांगेतच घ्याव्यात, सगळे तिथेच सापडतील.

गाडी विकायची का, असं लेकाने विचारलं. विकायची नाही. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, आणि गणपतीला चिपळूणला जायचं असतं. रात्री उशीर होणार असेल त्या दिवशीही काढीन. बाकी कल्याण स्लो.