एक शतांश सेकंद जातो कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच शर्यतीवरून येतो: ऑगस्ट २०१८, जकार्ता एशियाड, पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि संध्याकाळी अंतिम फेरीत २२.४७ मध्ये तो चौथा आला. कांस्यपदक जपानच्या शुनिची नाकाओला मिळालं, वेळ २२.४६. मग पालक विचारतात, क्लबातली मुलंही विचारतात: एक शतांश सेकंद म्हणजे किती, आणि तो जातो कुठे?

किती, हे लगेच सांगता येतं. शर्यतीच्या शेवटी या पातळीचा जलतरणपटू सेकंदाला साधारण दोन मीटर वेगानं येत असतो. म्हणजे शतांश सेकंदात दोन सेंटिमीटर. बोटाचं एक पेर.

कुठे, याला जरा वेळ द्यावा लागतो. हात आणखी जोरात मारायला हवे होते, असं बघणाऱ्याला वाटतं. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या. वेग एक टक्का वाढवायचा तर शक्ती सुमारे तीन टक्के जास्त हवी, आणि ती कमवायला हंगामच्या हंगाम जातात. शतांश सांडतात ते हात चालत नसतात तिथे: सूर मारायच्या ब्लॉकवर, पाण्याखाली आणि भिंतीशी.

ब्लॉकपासून सुरू करू. लांब शिटी झाली की वर चढायचं, ‘टेक युअर मार्क्स’ ऐकलं की वाकून स्थिर व्हायचं. एक पाऊल पुढच्या कडेवर, अंगठ्यानं कड पकडलेली, दुसरं मागच्या तिरक्या फळीवर. ही फळी पुढेमागे सरकवता येते, आणि ती कितव्या जागी लावायची तो आपला आकडा पाठ नसेल तर अनोळखी तलावावर पहिलीच चूक तिथे होते. मागचा गुडघा साधारण काटकोनात वाकलेला हवा. फळी फार जवळ आली तर पाय गोळा होतो, फार लांब गेली तर आधीच सरळ झालेला असतो. दोन्हीकडे रेटा कमी पडतो. सुटण्याचा आवाज प्रत्येक ब्लॉकखालच्या स्पीकरमधून येतो, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. अडीच मीटरच्या लेन, पहिलीपासून आठवीपर्यंत साडेसतरा मीटर. एका बाजूच्या पिस्तुलाचा आवाज तेवढं अंतर कापायला पाच शतांश घेतो. स्पीकर नव्हते तेव्हा लांबच्या लेनवाल्याचं नुकसान त्यानं काही चूक करण्याआधीच झालेलं असे.

फलकावर दिसणारी प्रतिक्रियेची वेळ, चांगल्या पोहणाऱ्यांत ०.६० ते ०.७० सेकंद, ही फक्त कानाची वेळ नव्हे. आवाजापासून पाय ब्लॉक सोडेपर्यंतचा सगळा काळ, म्हणजे रेटा देण्याचा काळसुद्धा त्यात आला. म्हणून ०.६० वाला ०.६५ वाल्यापेक्षा सरस ठरतोच असं नाही. घाईनं निसटलेला माणूस जवळ पडतो, आणि पाच शतांश जास्त घेऊन नीट रेटलेला १५ मीटरवर त्याच्या पुढे असतो. मुलांची सुरुवात तपासताना प्रतिक्रियेच्या आकड्यामागे लागू नका, १५ मीटरची वेळ बघा. जगातले सर्वांत वेगवान पुरुष तिथे पाच सेकंदांच्या थोडं पुढेमागे पोचतात.

सूर एकाच भोकातून जायला हवा: बोटं जिथे पाणी फोडतात तिथूनच डोकं, कंबर, पाय. कोन सपाट झाला तर पोट आपटतं आणि हवेत कमावलेला वेग तिथेच संपतो. फार खडा झाला तर शरीर खोल जातं आणि वर येण्यात मीटर वाया जातात. पाण्यात शिरताना पुढे बघायचा मोह झाला की गॉगल पाण्यानं भरतो किंवा कपाळावर सरकतो. हनुवटी छातीकडे ठेवा, आणि गॉगलचा पट्टा टोपीखाली घ्या.

आता पाण्याखालचा भाग. माझ्या मते सर्वांत जास्त शतांश इथे जातात, आणि प्रेक्षकाला त्यातलं काही दिसत नाही. सुरामुळे मिळालेला वेग हातांनी मिळवता येणाऱ्या वेगाच्या बराच वर असतो आणि झपाट्यानं उतरत जातो. दोन्ही पाय जोडून मारलेल्या डॉल्फिन किक त्याची उतरण लांबवतात. नियमानं डोकं १५ मीटरपर्यंत वर यावं लागतं, पण तिथपर्यंत खाली राहिलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. उतरता वेग पोहण्याच्या वेगाला भेटतो, नेमक्या त्या क्षणी वर यायचं. समजा तुमचा पोहण्याचा वेग सेकंदाला २.२ मीटर आहे आणि तुम्ही रेंगाळून एक मीटर १.९ च्या वेगानं गेलात. त्या एका मीटरमध्ये सात शतांश गेले. जकार्तातलं पदक एका शतांशावर ठरलं होतं! उलट लवकर वर आलात तर पृष्ठभागावरची लाट छातीवर घेऊन पोहावं लागतं. ज्याची किक कमकुवत आहे त्यानं नऊ-दहा मीटरलाच वर यावं, त्यात कमीपणा नाही. पहिला हात डोकं पाण्यात असतानाच सुरू व्हावा, आणि त्या हाताबरोबर श्वास घेऊ नये. मान वळली की खांदा मागे राहतो, कंबर बसते, आणि हातात आलेला वेग निघून जातो.

मधल्या भागाबद्दल थोडक्यात. श्वास एकदा किंवा अजिबात नाही. स्नायूंतला तातडीचा साठा पहिल्या दहाएक सेकंदांत बराचसा संपतो, म्हणून शेवटच्या १५ मीटरमध्ये सगळेच मंदावतात. जिंकणारा तिथे वेग वाढवत नसतो, इतरांपेक्षा कमी घालवत असतो. तिथे हातांची गती वाढवायला गेलं की पकड सुटते, हात पाण्यातून नुसता घसरतो. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकएव्हॉयनं आठवड्याचं पोहण्याचं अंतर खूप कमी करून ताकद आणि छोट्या, पूर्ण वेगाच्या फेऱ्या यांवर भर दिला. २०२३ मध्ये फुकुओकाला जागतिक स्पर्धेत तो २१.०६ मध्ये जिंकला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण २१.२५ मध्ये. ५० मीटरच्या मुलाला रोज हजारो मीटर पोहायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी याचा विचार जरूर करावा.

आणि भिंत. तळाची काळी पट्टी भिंतीच्या दोन मीटर अलीकडे आडव्या रेघेनं संपते. ती रेघ दिसली की आपले हात भिंतीशी जुळतात की नाही ते कळतं, पण तेव्हा दुरुस्तीला फार उशीर झालेला असतो. पोहणारा दोनांपैकी एक करतो: हात लांब ठेवून सरकत जातो, किंवा अर्धा हात जास्तीचा मारतो. सरकताना वेग पडतो. शेवटचा अर्धा मीटर २ ऐवजी सरासरी १.७५ च्या वेगानं गेला तरी साडेतीन शतांश गेले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची १०० मीटर बटरफ्लाय आठवा: मिलोराद चाविच सरकत आला, मायकेल फेल्प्सनं अर्धा हात जास्तीचा मारला, ५०.५८ विरुद्ध ५०.५९. फ्रीस्टाइलमध्येही तेच. खांदा पुढे ढकलून, अंगावर वळून, डोकं खाली ठेवून बोटांची ताठ टोकं भिंतीवरच्या, घड्याळ थांबवणाऱ्या पॅडवर जायला हवीत, किक थांबता कामा नये. पॅडला दाब लागतो. घड्याळ लाटेनं थांबत नाही, आणि हलकं बोट टेकवूनही भागत नाही. भिंत बघायला डोकं उचललं की हात तेवढाच आखडतो.

पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग सहस्रांश का मोजत नाहीत? एकदा मोजले होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीत (चारही प्रकार एकामागून एक पोहायची शर्यत) स्वीडनच्या गुनार लार्सननं अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदांनी हरवलं. नंतर नियम बदलून शतांशावर थांबले, आणि ते योग्यच झालं. तलावाच्या लांबीत तीन सेंटिमीटरपर्यंतची वाढ नियमातच मान्य आहे, आणि सहस्रांश म्हणजे दोन मिलिमीटर. एका लेनची भिंत दुसरीपेक्षा तेवढी पुढे असू शकते. म्हणून २००० साली सिडनीत अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर दोघांनाही २१.९८ वर ५० मीटरचं सुवर्ण मिळालं. २०१६ मध्ये रिओत तोच अर्विन २१.४० मध्ये जिंकला, फ्लोरां मानोदू २१.४१.

जिल्हा स्पर्धेत हातातल्या घड्याळानं घेतलेल्या वेळांवर मात्र शतांशाचा वाद घालू नका. अंगठ्याची चूकच एक-दोन दशांशांची असते. तीन घड्याळांचे तीन आकडे आले तर मधला धरतात, तरीही तो अंगठ्याचाच आकडा. घरी मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमनं चित्रण घ्या, एक फ्रेम म्हणजे दीड शतांशाहून थोडं जास्त. १५ मीटरच्या खुणेसमोर आडवं उभं राहा, तिरकं उभं राहिलात तर खूण चुकीच्या जागी दिसेल.

सरावासाठी सांगायचं तर भिंतीपासून १५ मीटरवरून आठ वेळा पूर्ण वेगानं आत, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. बॅकस्ट्रोकचे झेंडे भिंतीपासून पाच मीटरवर असतात, तिथून भिंतीपर्यंत किती हात बसतात ते मोजा आणि दमलेल्या अवस्थेत पुन्हा मोजा, कारण तो आकडा बदलतो. शर्यतीत कामाला येतो तो दमलेला आकडा. रोजच्या सरावात मुलं भिंतीजवळ आली की हात सोडून तरंगत येतात, ती सवय पहिल्या दिवसापासून मोडा.