दोरी बदलून द्या ना मॅडम

डोंबिवलीत एका सोसायटीच्या हॉलमधे मी लेडीज फिटनेस बॅच घेते, सकाळी साडेसहा ते साडेसात. पंधरा-सोळा जणी असतात, निम्म्याअधिक जणींना आठ-सव्वाआठची लोकल गाठायची असते त्यामुळे सात पस्तीसला हॉल रिकामा. मंगळवार आणि शुक्रवार दोरीचा वार. २०२० च्या लॉकडाऊनमधे व्हिडिओ कॉलवर बॅच घ्यायचे तेव्हापासून दोरी माझ्या आवडीची, कारण घरात दुसरं काही सामान नसलं तरी दोरी असतेच कुठेतरी, नसली तर कपडे वाळत घालायची सोडून आणायच्या बायका, खरंच.

तर गोष्ट एका ताईंची आहे. नाव लिहीत नाही, त्यांना विचारूनच लिहितेय. वय ४६, बँकेत नोकरी, शुगर बॉर्डरला आल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून जूनमधे आल्या. वक्तशीर, कधी दांडी नाही, स्क्वॉट वगैरे माझ्यापेक्षा छान करतात. फक्त दोरीचं गाडं अडायचं.

पहिल्या आठवड्यात त्या घरचीच दोरी घेऊन आल्या, सुती, लाकडी मुठीची, मुलाची शाळेतली. अशा दोरीत मूठ आणि दोरी यांच्यामधे फिरकी नसते, नुसती गाठ मारलेली असते, त्यामुळे वीस-पंचवीस उड्यांत पीळ बसतो आणि दोरी पायाखालून जायच्या ऐवजी आडवीतिडवी येते. वर पावसाळा, दमट हवेत सूत ओलसर होऊन जड. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही दोरी काही बरोबर नाही." मला पटलं. मी माझ्याकडची पीव्हीसीची दिली, साधारण पाच मिलिमीटर जाडीची. नवी होती, पाकिटात गुंडाळून गुंडाळून वेटोळी पक्की बसलेली, म्हणून आदल्या रात्री गरम पाण्यात बुडवून खुंटीला सरळ टांगून ठेवली होती (हे करत जा, नव्या दोरीला शिव्या घालायच्या आधी). लांबीही बघितली. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवायचा, मुठी वर ओढायच्या, शिकणारीसाठी काखेपर्यंत आल्या की बास. नाहीतर सोपा हिशोब, उंची अधिक तीन फूट. ताई पाच फूट दोन, म्हणजे सव्वाआठच्या जवळपास. दुकानात मिळतात त्या नऊ-दहा फुटी, आणि बायका तशाच वापरतात, मग जास्तीची दोरी आवरायला हात पसरतात, हात पसरले की खांदे दुखतात, आणि वर म्हणतात दोरी मला सूट होत नाही!

पीव्हीसीवर दोन वार गेले. ताई दहा-बारा उड्या मारायच्या आणि थांबायच्या. "मॅडम, ही फार हलकी वाटते, फिरतेय की नाही कळतच नाही." बरं. मग मण्यांची दिली. ही माझी सगळ्यात लाडकी, नायलॉनच्या दोरीत प्लॅस्टिकचे मणी ओवलेले असतात, वजन असतं त्यामुळे गोल आकार धरून ठेवते आणि जमिनीवर टक टक वाजते, त्या आवाजावर उडी बसवता येते. जिला ताल सापडत नाही तिला मी हीच देते. महाग पडते थोडी. हॉल पहिल्या मजल्यावर, कोटाची फरशी, त्यामुळे खाली आवाज जातो आणि खालचे काका महिन्यातून एकदा वर येऊन जातात, म्हणून पातळ रबरी मॅट टाकतो. गुडघ्यांनाही तेवढंच बरं.

मण्यांच्या दोरीवरही तेच. दहा उड्या, थांबा. एकदा म्हणाल्या लांब आहे, एकदा म्हणाल्या मूठ घसरते. मग एक दिवस स्वतःच ऑनलाइन मागवून स्पीडची दोरी घेऊन आल्या, स्टीलची बारीक तार, वर प्लॅस्टिकचं कोटिंग, मुठीत बेअरिंग. ही डबल अंडर करणाऱ्यांची, म्हणजे एका उडीत दोनदा दोरी खालून काढणाऱ्यांची. नवशिक्याच्या नडगीवर बसली की असा वळ उठतो की दोन दिवस सलवार टेकवत नाही. मी ती पिशवीतून बाहेरच काढू दिली नाही.

आणि खरं सांगायचं तर तोवर माझी चिडचिड सुरू झाली होती. मला वाटलं बाई टाळाटाळ करतेय. नाचता येईना अंगण वाकडं.

जुलैतला मंगळवार. बाहेर धो धो, लोकल उशिरा म्हणून सगळ्यांचं अर्धं लक्ष फोनमधे. ताई नेहमीसारख्या दाराजवळच्या कोपऱ्यात उभ्या. मण्यांची दोरी. मी मोजत होते, तीस सेकंद उडी तीस सेकंद आराम, असे आठ राउंड. दुसऱ्या राउंडला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, दोरी बदलून द्या ना." आणि मी सगळ्यांसमोर, हसत हसत, पण बोलले, "ताई, चार दोऱ्या झाल्या, आता दोरी नाही, तुम्ही बदला जरा."

दोघीतिघी हसल्या. ताईंनी दोरी खाली ठेवली, नीट घडी घालून ठेवली हे मला आजही दिसतं, आणि बाथरूममधे गेल्या.

बॅच संपली, सगळ्या गेल्या, ताईंची पर्स आणि छत्री तिथंच. मी दार वाजवलं. आतून बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू आवाजात, "मॅडम, तुमच्याकडे जादा पँट आहे का हो एखादी?"

माझी बॅगेत असते एक. दिली. बाहेर आल्या, मॅटवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. उडी मारली की लघवी सुटते. थेंब थेंब, कधी जास्त. दुसरा मुलगा पावणेचार किलोचा, चिमटा लावून काढला, तेव्हापासून. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. शिंकलं तरी होतं, लोकलमधे खोकला आला तर पायात पाय घालून उभं राहायचं. बॅचला यायचं म्हणून पहाटेपासून पाणी पीत नव्हत्या, निघताना आणि हॉलवर आल्यावर दोनदा बाथरूम, कायम काळी पँट, कायम दाराजवळची जागा. हे सगळं मी दीड महिना बघत होते बरं का. बघत होते आणि दोरीची लांबी मोजत होते.

म्हटलं, कुणाला दाखवलं नाही? म्हणाल्या, "आईला सांगितलं होतं तेव्हा. ती म्हणाली बाईच्या जातीला चालायचंच." आणि मग, "मला वाटलं जड दोरी असेल तर उडी कमी बसेल, किंवा हलकी असेल तर. काहीतरी फरक पडेल."

उडी मुळात एक-दोन इंचाचीच असते, दोरी पायाखालून जाईल एवढीच. पण प्रत्येक वेळी जमिनीवर येताना पोटातला दाब खाली येतो आणि तो पेलायचा तो ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंनी, ज्यांच्यावर मूत्राशय टेकलेलं असतं. ते सैल पडले असतील तर दोरी सोन्याची आणा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, कोर्समधे शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या फॉर्ममधे 'डिलिव्हरी नॉर्मल का सिझर' असा रकाना आहे. ताईंनी त्यात 'नॉर्मल २' लिहिलेलं. पुढचं मी विचारलंच नव्हतं, कुणालाच.

माझी एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिला तिथूनच फोन लावला. ती पहिलं वाक्य बोलली ते, "आधी उड्या बंद कर आणि बाईंना पाणी प्यायला सांग", कारण पाणी कमी केलं की लघवी कडक होते आणि मूत्राशय अजूनच चिडतं. मग आधी गायनॅककडे, इन्फेक्शन आहे का, अंग बाहेर येतंय का ते बघायला, आणि मग व्यायाम. व्यायाम म्हणजे गॅस अडवताना जे आत-वर ओढलं जातं ते ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. ऐकायला सोपं, पण बऱ्याच जणी वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणून सुरुवातीला कुणीतरी तपासून शिकवलेलं बरं. आणि लघवी करताना मधेच अडवून प्रॅक्टिस करायची नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. निदान तीन महिने धरायचे म्हणाली.

शुक्रवारी ताई येतील की नाही याची मला धाकधूक होती. आल्या. त्यांच्यासाठी मी दोरीच्या दोन्ही मुठी एका हातात धरून बाजूला फिरवायची आणि जागेवर पावलं टाकायची असं बसवलं, उडी नाहीच. आणि मग मी सगळ्यांसमोरच बोलले, आधीच्या वेळी बोलले होते तसंच मोठ्यानं, की उडी मारताना, शिंकताना कुणाला लघवी सुटत असेल तर तो व्यायाम मला सांगून बदलून घ्या, हा आजार लपवायचा नाही आणि यावर इलाज आहे. हॉलमधे एकदम चिडीचूप. एक जण बुटाची लेस बांधत बसली, बांधलेलीच होती. कुणी काही बोललं नाही, मला वाटलं वेडेपणा केला.

रात्री व्हॉट्सॅपवर चार जणींचे मेसेज. पाचवीनं 'मी पण' एवढंच लिहून पाठवलं आणि लगेच डिलीट केलं. त्यातली एक एकोणतीस वर्षांची आहे, बाळ आठ महिन्यांचं, ती तर सगळ्यात जोरात उड्या मारायची.

फॉर्म बदलला. स्पीडची दोरी ताईंनी परत पाठवली. ऑक्टोबरच्या शेवटी फिजिओनं हळूहळू सुरू करा म्हटल्यावर त्यांनी परत मण्यांची दोरी घेतली, पहिल्या दिवशी पाच उड्या, मग दहा, थेंबभरही सुटलं तर तिथंच थांबायचं असं ठरलेलं. परवा वीस झाल्या. आणि थांबून म्हणाल्या, "मॅडम, ही दोरी खरंच लांब आहे हो."

मी कपाळाला हात लावला. पण मधोमध पाय ठेवून मुठी वर ओढून बघितल्या तर खरंच काखेच्या चांगल्या तीन बोटं वर येत होत्या, मापं घेतली होती मी पीव्हीसीची, ही मोजलीच नव्हती. मुठीतली गाठ सोडली, मणी काढले, दोरी कापून परत बांधून दिली. काढलेले मणी अजून माझ्या बॅगेच्या पुढच्या खिशात आहेत.