कुठले काका तुम्ही?

रविवार, रात्रीचे साडेदहा

"पुण्याचा."

एवढंच म्हणालो मी. सकाळी सात वाजता, पोवई नाक्यावर, मिनीबसच्या दारात, एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असताना. दाताच्या फटीत पेरूची बी अडकावी तसं ते तेव्हापासून अडकलंय. जीभ सारखी तिथंच जाते.

त्या गाईड पोरानं विचारलं होतं, "कुठले काका तुम्ही?" हातात कागद, कागदावर रकाने, कानावर पेन. "कुठून आलात?" असं विचारलं असतं तर प्रश्नच नव्हता. शुक्रवारी स्वारगेटहूनच तर एसटीत बसलो. पण त्यानं "कुठले" विचारलं. आणि "कुठले" म्हणून काय विचारतात हे मला कुणी समजावून सांगायला नको. एकतीस वर्षं पुण्यात काढली. बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सोयरिकीच्या बैठकीत, जिथं कुणी "कुठले" विचारलं तिथं सातारचा. न विचारताही सातारचा. त्यावरून हिचे टोमणे खाल्ले ते वेगळेच. आणि आयुष्यात पहिल्यांदा "पुण्याचा" म्हणालो ते साताऱ्यात. नाक्यावर, महाराजांच्या पुतळ्यासमोर.

लाज वाटली म्हणून म्हणालो असेन. सातारकर माणूस तिकीट काढून सातारा दर्शनच्या गाडीत बसतो, हे काय कुणाला सांगण्यासारखं आहे? कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय बोललो असतो देव जाणे. (कुणी भेटलं नाही. तेही थोडं लागलंच.)

बसलो त्याला कारण होतं. शुक्रवारी दुपारी वाड्याचे कागद घेऊन कचेरीच्या खिडकीशी गेलो तर आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. म्हणजे दोन दिवस काढायचे. वाड्याची किल्ली खिशात होती, पण वीज मे महिन्यातच तोडली, आणि त्या रिकाम्या घरात रात्री एकट्यानं... जाऊ दे. काकू होत्या तोवर असले प्रश्न नव्हते. लॉजवर उतरलो. आपल्या गावात लॉजवर उतरायची ही पहिलीच वेळ. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, त्यावर पत्ता अर्थातच पुण्याचा. काल रात्री काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, खोलीत बसून काय करणार? उद्या सातारा दर्शन आहे, एक सीट शिल्लक आहे." साडेपाचशे रुपये, जेवण धरून.

म्हणजे पुण्याचा हे आधार कार्डही म्हणतं. मी खोटं बोललोच नाही, असं सिद्ध करता येईल. दिवसभर मनातल्या मनात तेच सिद्ध करत होतो.

गाडीत आम्ही चौदा जण. प्रत्येकाला एक पिवळी टोपी, गर्दीत कुणी चुकू नये म्हणून. सातारच्या गर्दीत मी चुकणार! पण घातली. तसा काल संध्याकाळी नाक्यावरचा तो ग्रेड सेपरेटर, रस्त्याखालचा रस्ता, ओलांडताना भलत्याच बाजूला निघालो होतो, तेव्हा टोपीबद्दल फार बोलायला नको.

पहिला अजिंक्यतारा. गाडी पार वर जाते आता, दरवाजा तिथून चार पावलांवर. पोरानं सगळ्यांना दरवाजात थांबवून इतिहास सांगितला, आणि चांगला सांगितला हे कबूल करतो. शिलाहारांचा भोज राजा दुसरा. मग १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेबाचा वेढा, गडावर प्रयागजी प्रभू, चार महिन्यांहून जास्त गड लढला. मुघलांनी तटाखाली सुरुंग भरले, त्यातला एक उलटला आणि त्यांचीच माणसं दगडमातीखाली गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये गड पडला आणि त्याचा आझमतारा झाला. ताराबाईंच्या माणसांनी परत घेतल्यावर अजिंक्यतारा. नंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या छावणीतून सुटून आले, अठरा वर्षांनी. "आणि ताराबाई काय म्हणाल्या?" पोरानं सगळ्यांकडे बघत विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. मला होतं. मी गप्प.

"म्हणाल्या, हा शाहू नव्हेच. हा तोतया!"

टोपीखाली माझे कान गरम झाले.

शाहू महाराजांना निदान दुसऱ्या कुणी तोतया म्हटलं. १२ जानेवारी १७०८ ला राज्याभिषेक करवून घेऊन ते मोकळे झाले. मी आपला स्वतःच स्वतःचा तोतया उभा केला, तोही पुण्याचा. (ताराबाईंना तोतये फार भेटले. शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजाला आधी आपला नातू म्हणून पुढे केलं आणि १७५० मध्ये तोतया ठरवून ह्याच गडावर कोंडलं. हे पोरानं सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो. सांगणार कसा? पुण्याचा ना मी.)

दिवसभर हेच. एका शब्दानं तोंडाला कुलूप लागलं. तटावर गेल्यावर पोरानं एकेक डोंगर दाखवायला सुरुवात केली. सज्जनगड, यवतेश्वर, लांब पठारावरच्या पवनचक्क्या, सगळं बरोबर. आणि मग जरंड्याकडे बोट करून म्हणाला, "तो नांदगिरी." मी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या जरंड्यावर श्रावणातल्या शनिवारी मारुतीला आजीचा हात धरून चढलो, तो डोळ्यांदेखत नांदगिरी झाला आणि चौदा जणांनी माना डोलावल्या. म्हणजे तेरांनी. नाही, चौदाच. मीही डोलावली.

उतरताना एक चूक झालीच. माझ्या पुढं डोंबिवलीच्या एक आजी होत्या. दरवाजाच्या अलीकडच्या पायऱ्यांवर मी पटकन बोलून गेलो, "डावीकडच्या दगडावर पाय नका देऊ, डुगडुगतो तो." आजींचा पाय पडायचा तो पडलाच. दगड हलला नाही. खाली सिमेंट भरलंय. पोरानं वळून बघितलं. "काका, आधी आलावता काय?"

"शाळेच्या सहलीत," म्हणालो.

एक लपवायला दुसरं. आईनं हे ऐकलं असतं तर.

पण त्याआधी तटावरून खाली बघत होतो ते लिहायचं राहिलं. मुद्दाम टाळत होतो बहुतेक. तटावरून सगळं गाव परातीत ठेवल्यासारखं दिसतं. राजवाडा सापडला, तिथून सरकत सरकत आपली पेठ शोधायला लागलो. लहानपणी कौलांवरून घर सापडायचं, नारळाच्या उजव्या हाताला. आता कौलं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी गच्च्या आणि काळ्या टाक्या. नारळ तर नाहीच. दोनदा चुकलो. आणि मग दिसला एक निळा ठिपका. ताडपत्री. मागच्या पडवीवर मे महिन्यात मीच शिडीवर चढून बांधलेली, सुतळी हाताला कापली होती ती. सगळ्या साताऱ्यात माझं घर मला त्या ताडपत्रीवरून सापडलं.

पोरगा शेजारी येऊन म्हणाला, "ह्या सगळ्या जुन्या पेठा. वाडे होते इथं. आता सगळं अपार्टमेंट व्हायला लागलंय." डोंबिवलीच्या आजींची नात फटाफट फोटो काढत होती.

चार भिंतीवर दहा मिनिटं. प्रतापसिंह महाराजांनी १८३० मध्ये बांधलेली, पुढं सत्तावन्नच्या हुतात्म्यांचं स्मारक झालेली. आम्हाला काय, निकालाच्या दिवशी जाऊन बसायची जागा. शाळासोबती नंदूचं नाव आज काढायचं नाही असं ठरवलं होतं, तिथं निघालंच. पोरगा रंगो बापूजींबद्दल सांगत होता. महाराजांना १८३९ मध्ये इंग्रजांनी पदच्युत करून काशीला धाडलं, त्यांचा खटला घेऊन हा माणूस लंडनला गेला आणि चौदा वर्षं तिथं भांडत राहिला. चौदा वर्षांत "कुठले तुम्ही?" हे लंडनात त्यांना किती जणांनी विचारलं असेल! लंडनचा, असं काही ते म्हणाले नसतील. मला स्वारगेटच्या एसटीत दोन तास बसलं की गाव बदलतं.

मग राजवाडा, आणि आमची शाळा. इथं जरा जास्तच झालं. पोरगा सांगत होता, ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव ह्या शाळेत दाखल झालं, रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा. सगळे गंभीर झाले. सात नोव्हेंबरला आता राज्यभर विद्यार्थी दिवस असतो, ते ह्यामुळं. आणि मी तिथं पिवळी टोपी घालून उभा, मनात एकच, की ह्याच शाळेच्या कुठल्यातरी रजिस्टरात माझंही नाव आहे. पाटील गुरुजींच्या अक्षरात. राहणार सातारा. ते कुणी कधी काढून बघणार नाही, कुणाला ह्या टोपीखाली शोधायचंही नाही. भरून आलं, खरं सांगतो. बाबासाहेबांच्या शाळेत उभं राहून स्वतःसाठी रडू यावं ह्याचीही पुन्हा लाज वाटली. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून डोंबिवलीच्या आजींनी पाण्याची बाटली दिली. भल्या बाई.

तिथंच कळलं बहुतेक, की लाजेचं कारण तेवढं खरं नाही. "सातारचा" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. साताऱ्यात कुठं? पेठेचं नाव सांगितलं की तिसरा. वाडा आहे का अजून? त्याचं उत्तर आज "आहे" असं आहे. उद्या अकरानंतर

असो.

जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा. पोरगा माझ्याच बाकावर बसला. गप्पांत विचारलं, तू कुठला रे? विचारताना जीभ अडखळलीच.

"मी दहिवडीचा, काका. माण तालुका. चार वर्षं झाली इथं येऊन." भाकरी मोडत म्हणाला, "पण आमच्या साताऱ्यासारखं गाव नाही बघा. तुम्ही पुण्याचे लोक एकदा येता आणि महाबळेश्वरला पळता. दोन दिवस राहून बघा आमच्यात."

मी हसायला लागलो. ठसकाच लागला, ठेच्याचा आणि ह्याचा. हा दहिवडीचा, चार वर्षांत सातारा ह्याचा झाला, आणि मला तो साडेपाचशे रुपयांत दाखवतोय. आणि दाखवतोय चांगला, तेच तर. अर्ध्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. चार भिंतीवर शेंगांची टरफलं टाकत वाढलो, ती कुणी आणि कधी बांधली हे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी दहिवडीच्या पोराकडून कळलं. आपण गावात नुसते राहिलो म्हणजे काय मोठा तीर मारला? पायाला काटा टोचतोय तेवढाच गड आपल्याला ठाऊक.

दुपारी माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, देवळं. शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी सगळ्यांना फार आवडली.

शेवटी यवतेश्वरच्या घाटात सूर्यास्त. समोर अजिंक्यतारा, मधल्या खोलगटात गावातले दिवे लागत होते, वारा असा की टोपी हातात घ्यावी लागली. पोरगा शेजारी येऊन बसला. कागदाची घडी उघडत म्हणाला, "काका, सकाळी डोंगर दाखवत होतो तेव्हा तुम्ही काहीतरी बोलणार होता."

"तो जरंडा आहे," म्हणालो. "नांदगिरी तो नव्हे."

कानावरचं पेन काढून त्यानं लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलं जरा. मी तयारीत होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अगदी पेठेसकट. त्यानं विचारलं नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला आणि सगळ्यांना गाडीत बसवायला गेला.

येताना राजवाड्यापाशी पाव किलो कंदी पेढे घेतले. दुकानदारानं विचारलं, "इथंच खायचे का प्रवासात न्यायचे?" काय सांगावं कळेना. अर्धे आत्तापर्यंत संपलेत.

रात्री ग्रुपवर फोटो यायला लागले. पिवळ्या टोप्यांचा एक, त्यात मी कडेला, कुणाचा तरी पाहुणा असल्यासारखा. आणि त्या नातीनं तटावरून काढलेला गावाचा एक. मोठा करत गेलो तर निळा ठिपका सापडला. एवढासा. दादाला पाठवला, खाली काही न लिहिता. मार्चपासून आम्ही कागदपत्रांपलीकडे एकमेकांना काही पाठवलेलं नाही. मुखत्यारपत्रही कुरिअरनं आलं, आत चिठ्ठी नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं.

"ताडपत्रीचा डावा कोपरा सुटलाय. तुला गाठ कधी नीट मारता आली नाही."

पुन्हा मोठा करून बघितला. सुटलाय.